भाषेसाठी घेतलेली खुर्ची

माझी आई अमेरिकेत दर वेळी व्हीलचेअरवर बसून उतरते आणि विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंत आमच्या पुढे चालत जाते. यात फसवणूक वगैरे काही नाही, निदान आमच्यात कुणी तसं मानत नाही. मुंबईचं विमान आलं की थोड्या वेळानं खुर्च्यांची एक मिरवणूकच बाहेर येते. त्यातल्या निम्म्या लोकांना पायाचं काही दुखणं नसतं, दुखणं असतं ते इंग्रजीचं. खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस मिळतो. तो बरोबर रांगेत नेतो, अधिकाऱ्यासमोर उभं करतो, पट्ट्यावरून बॅगा उतरवून देतो, आणि कशाला आलात, किती दिवस राहणार, पिशवीत लोणचं आहे का, या सगळ्यातून माणूस सुखरूप पार पडतो. बाहेर नातवंडं दिसली की तमाम काका-काकू टुणकन उठून उभे राहतात. ढकलणाऱ्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की ते वळूनही बघत नाहीत.

आईचं यावरचं तत्त्व एकदम पक्कं. ती खुर्ची भाषेसाठी आहे, पायासाठी नाही. एकदा माझ्या लेकीनं हौसेनं आजीचा खुर्चीत बसलेला फोटो काढला, तर आईनं तो तिथल्या तिथे डिलीट करायला लावला आणि डिलीट झाल्याची खात्री करून घेतल्यावरच नातीला जवळ घेतलं. सांगलीत तो फोटो गेला असता तर म्हणे सगळ्यांना वाटलं असतं, संपली ही.

आई सांगलीला असते. बाबा गेल्यापासून एकटीच. एप्रिलमध्ये येते, ऑक्टोबरात परत जाते, आणि मधल्या काळात न्यू जर्सीत वेस्ट विंडसरमधलं हे घर माझं की तिचं याचा निकाल लागत नाही. यंदा आल्या आल्या तिनं पहिली बातमी दिली ती सांगलीतल्या समोरच्या बिल्डिंगमधल्या तिच्या मैत्रिणीची. त्या काकूंचा मुलगा टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला. गेल्या खेपेला काकू त्याच्या घरी जिन्यात पाय घसरून पडल्या. फार काही झालं नाही, पण मुलगा म्हणाला, आई, आता तू नको एवढ्या लांब येत जाऊस, आम्हीच येत जाऊ. तेव्हापासून काकूंची बॅग माळ्यावर आहे आणि मुलगा यायचाच आहे. आईनं ही गोष्ट मला विमानतळावरून येताना सांगितली, घरी आल्यावर माझ्या नवऱ्याला सांगितली, आणि मग इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जो भेटेल त्याला सांगितली. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: आम्हीच येत जाऊ म्हणाला, म्हणजे तिचं येणं संपलं. सांगताना तिचा आवाज जरा बारीक व्हायचा.

यंदा तिला वॉशिंग्टन दाखवायचं आम्ही वसंतापासून ठरवत होतो. चेरीच्या फुलांना जाऊ म्हणता म्हणता फुलं गळाली, मग उन्हाळा फार झाला, मग माझं ऑफिस, मग लेकीचा कॅम्प. सप्टेंबर उजाडला आणि आईच्या परतीच्या बॅगा जिन्याखाली दिसायला लागल्या, तेव्हा मी नवऱ्याला बजावलं, आता काहीही होवो, हिला वॉशिंग्टन दाखवल्याशिवाय विमानात बसवायचं नाही. फक्त एक शनिवार-रविवार, घरचे चौघं, गाडीनं जायचं आणि गाडीनं यायचं.

माझा नवरा नागपूरचा आहे आणि आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. यातल्या कुठल्या गुणामुळे तो असा झाला ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. साधं भाजी आणायला जायचं तरी हा माणूस आधी स्प्रेडशीट उघडतो. वॉशिंग्टनची शीट त्यानं रविवारी दुपारी टीव्हीवर लावली आणि आम्हाला सोफ्यावर बसवून दाखवली. पहिला दिवस निळा, दुसरा दिवस हिरवा, जेवणं पिवळी आणि ‘बफर’ नावाचा एक करडा रकाना, ज्यात काहीही करायचं नव्हतं पण वेळेवर करायचं होतं. मागे एकदा त्यानं स्वतःच्या आई-वडिलांना असंच एका दिवसात अख्खं वॉशिंग्टन दाखवलं होतं. सासूबाईंना विचारलं, काय आवडलं, तर त्या म्हणाल्या, ते तळघरातलं पार्किंग फार गार होतं बाप्पा.

शीट कमी पडली म्हणून आम्ही मंडळातल्या लोकांना विचारायची चूक केली. वॉशिंग्टनला जाऊन आलेल्या मराठी माणसाकडे फुकट पार्किंगची एक गुप्त जागा असते आणि ती तो देवळातला प्रसाद दिल्यासारखी हळूच हातावर ठेवतो. सगळ्यांच्या जागा वेगळ्या होत्या, पण एका गोष्टीवर एकमत होतं. तिथं गाडीची गरजच पडत नाही, सगळं वॉकेबल आहे. नकाशावर खरंच तसं दिसतं. हिरवळीचा एक लांब पट्टा, एका टोकाला त्यांचं संसद भवन, मध्ये उंच दगडी खांब, आणि दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांचा तो भला मोठा संगमरवरी पुतळा. बोटानं मोजलं तर सगळं हाताच्या अंतरावर. नवरा दर वाक्याला वॉकेबल म्हणायचा आणि आई टीव्हीकडे बघत गुडघ्यावर हात फिरवायची. मला वाटायचं, साडीच्या चुण्या नीट करतेय.

मग आईनं एकेक ठिकाण उडवायला सुरुवात केली. खांब दाखवला तर म्हणाली, एवढा उंच आहे तर गाडीतूनच दिसेल की. संसद भवन दाखवलं तर म्हणाली, मी दिल्लीचं पाहिलं नाही आणि यांचं काय बघायचं. राष्ट्राध्यक्षांच्या घराबद्दल तिनं विचारलं, आत घेतात का? सहजासहजी नाही म्हटल्यावर विषयच मिटला. कुणाच्या कंपाउंडला बाहेरून बघायला ती एवढ्या लांब येणार नव्हती. डायनोसॉरच्या सांगाड्यांवर तर तिनं, मेलेल्यांना कशाला त्रास द्यायचा, असं म्हणून हात झटकले. नवरा बिचारा एकेक निळी ओळ पुसत होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या शीटमध्ये बफरच जास्त उरला.

दुसऱ्या कुणाची आई असती तर मी समजले असते. पण ही बाई आमच्या कॉलनीची सहलप्रमुख होती. गळ्यात शिट्टी अडकवून तिनं कॉलनीतल्या बायकांना हंपी दाखवलं, बदामी दाखवलं, विजापूर तर इतक्या वेळा की गोलघुमटाचा पहारेकरी तिला ताई म्हणायचा. वर गॅलरीपर्यंत चढून जायचं आणि भिंतीपाशी कुजबुजायचं, पलीकडे उभ्या असलेल्या बाईला ते ऐकू जायचं. आईनं एकदा तिथून एका बाईला तिनं घेतलेल्या साडीची खरी किंमत सांगितली आणि परतीच्या बसमध्ये मोठंच भांडण झालं. जी बाई खाली बसून राहील तिला आई पुढच्या सहलीत घ्यायची नाही. असली ही बाई आता मला सांगत होती की खांब गाडीतून बघू.

ठिकाणं कमी होत गेली तसा डबा वाढत गेला. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सांगलीहून आणलेलं भडंग, जे तिनं मला अजून उघडू दिलं नव्हतं. नवऱ्यानं शीटमध्ये पिवळा रकाना रुंद केला. मी म्हटलं, तिथं सगळं मिळतं. तर म्हणाली, मिळत असेल, पण बसून खायला घरचंच बरं. डबा खायचा म्हणजे बसावं लागतं, हे त्यातलं गणित माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही. मी आपली चिडतच होते. शेवटी एका संध्याकाळी तोंडाचा पट्टा सुटलाच. म्हटलं, आई, तुला यायचंय की नाही ते एकदा सांगून टाक, आम्ही आपले वेड्यासारखे शीटा करतोय. ती कणीक मळत होती. मागे न बघता म्हणाली, यायचंय म्हणजे काय, त्यासाठीच तर चाललंय सगळं. काय चाललंय, हे काही सांगितलं नाही.

ते मला कळलं दारावरच्या कॅमेऱ्यामुळे. आमच्या इथे प्रत्येक घराच्या बेलमध्ये कॅमेरा असतो. अंगणात खार आली तरी तो फोनवर वर्दी देतो, म्हणून मी त्या वर्द्या कधी उघडत नाही. एके दिवशी एक पार्सल हरवलं म्हणून मागचं सगळं चित्रण बघायला बसले. पार्सल नाही सापडलं, आई सापडली. रोज सकाळी, मी वर खोलीत मीटिंगमध्ये असताना, आई पायात लेकीचे जुने बूट घालून बाहेर पडत होती. दाराच्या पायऱ्या ती तिरकी होऊन, कठड्याला धरून, एकेक उतरत होती. खाली उतरली की परत वर चढत होती. मग परत खाली. मग रस्त्यानं पोस्टाच्या पेट्यांपर्यंत जात होती, शेजाऱ्यांच्या बुटक्या भिंतीवर टेकत होती आणि गुडघा दोन्ही हातांनी दाबत होती. तेवढ्यात एखादी गाडी आली की ताडकन उठून, फुलं बघायला थांबल्यासारखी झुडपाकडे वाकत होती. त्या झुडपाला फुलंच येत नाहीत.

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, “आय प्रॉमिस्ड हर. शी इज ट्रेनिंग, आई.” आजी-नातीचा कट उन्हाळ्यापासून चालू होता. लेक फोनवर वॉशिंग्टनमधली अंतरं काढून द्यायची. मैल आईला कळत नाहीत म्हणून दोघींनी त्याची सांगली करून टाकली होती. खांबापासून पुतळ्यापर्यंत म्हणजे आमच्या घरापासून गणपती मंदिर. संसद भवनापासून खांबापर्यंत म्हणजे घरापासून मंडई, आणि तेही पिशव्या भरून परत. जे अंतर झेपणार नाही असं वाटलं, ते ठिकाण आईनं उडवलं होतं. आईच्या खोलीत हल्ली बामाचा वास यायचा, विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायची; तो डोक्याचा नव्हताच. मी मुलीला विचारलं, पण आजीनं मला का नाही सांगितलं? ती खांदे उडवून म्हणाली, “शी सेड, देन यू वोन्ट लेट हर कम.” तेव्हा मला ती फ्रिस्कोची गोष्ट आठवली, जी मी इतक्या वेळा हूं हूं करत ऐकली होती.

मी लगेच जाऊन तिच्याशी बोलायला निघाले होते, पण नवऱ्यानं थांबवलं. या बाबतीत नागपूरचा माणूस शहाणा असतो. म्हणाला, तू आत्ता गेलीस तर आधी ओरडशील, मग रडशील, आणि आई म्हणतील मला काही झालंच नाही. आधी खुर्चीची सोय करू. मंडळातल्या एका काकूंचं मागे ऑपरेशन झालं होतं, त्यांच्या गॅरेजमध्ये घडीची व्हीलचेअर पडून होती. ती त्यानं हळूच आणली. त्याच्या शीटमध्ये ‘प्लॅन बी’ नावाचं एक लपवलेलं पान होतं, त्यात ती खुर्ची डिकीत कशी ठेवायची याचं चित्र काढलं होतं. खुर्ची तळाला, तिच्यावर ब्लँकेट आणि ब्लँकेटवर डब्यांच्या पिशव्या. अडचण एकच होती. आमच्या घरात डिकी आई लावते. सहलप्रमुख असतानापासून तो तिचा मान आहे, दुसऱ्या कुणी पिशवी ठेवली तर ती काढून परत ठेवते. शनिवारी सकाळी आम्ही दोघं चोरासारखे तिच्या आधी गॅरेजमध्ये गेलो आणि तिनं येऊन बघेपर्यंत सगळं रचून टाकलं. तिनं डिकीत नुसतं डोकावलं, चटणीचा डबा आडवा होता तो उभा केला आणि गाडीत जाऊन बसली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

वाटेत ती फारच खुशीत होती. डेलावेअरचा पूल येईपर्यंत भडंगाचं एक पाकीट संपलं होतं. वॉशिंग्टनला नवऱ्यानं मंडळातल्या लोकांच्या गुप्त जागांवर गाडी लावायचा प्रयत्न केला. एकीवर बांधकाम चालू होतं, दुसरीवर पोलीस उभा होता, आणि तिसरी बहुतेक कधी नव्हतीच. गाडी शेवटी जिथं लागली तिथून पुतळा चांगलाच लांब होता. नवऱ्यानं डिकीकडे बघितलं, मी मानेनं नको म्हटलं. आधी चालू देत म्हटलं, तिनं एवढा सराव केलाय.

आणि ती चालली हो. डोक्याला स्कार्फ, हातात पर्स, लेकीचे बूट, आणि तोंडानं एकसारखी बडबड. हिरवळ फार पिवळी पडलीय, माळी झोपतो का इथला. त्या लांबलचक तळ्याच्या काठानं आम्ही पुतळ्याच्या दिशेनं निघालो. समोर पुतळ्याची ती पांढरी इमारत दिसत होती, आणि कितीही चाललं तरी तेवढीच लांब राहत होती. बडबड हळूहळू कमी झाली. मग थांबलीच. लेकीनं आजीचा हात धरला आणि म्हणाली, “ऑलमोस्ट गणपती मंदिर, आज्जी.” अर्ध्या वाटेवर एक बाक आला, तिथं ती बसली आणि पर्स मांडीवर घेऊन समोर पाण्याकडे बघत राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता.

मी शेजारी बसले. ठरवलं होतं की ओरडायचं नाही. म्हटलं, आई, गाडीत खुर्ची आहे, आम्ही आणलीय. मला वाटलं ती उसळेल. ती म्हणाली, माहितीय, ब्लँकेटखाली आहे, डिकी कुणी लावली ते मला कळत नाही होय. मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

“विमानतळावर बसते ती भाषेसाठी. इथं बसले की ते गुडघ्यासाठी होईल. मग तुम्ही पण म्हणाल, आम्हीच येत जाऊ.”

मी म्हटलं, कोण म्हणेल, वेडी आहेस का तू. ती म्हणाली, तो पण काही वाईट मुलगा नाही गं, प्रेमानंच म्हणाला तो, आणि प्रेमानं म्हटलं की भांडताही येत नाही. खरं सांगायचं तर त्या कॅमेऱ्यातलं चित्रण बघताना माझ्याही मनात तेच वाक्य येऊन गेलं होतं. तिला जिन्याची भीती, प्रवासाची दगदग, आपणच जावं हे बरं. किती शहाणं आणि किती गोड वाटलं होतं ते. मी म्हटलं, तुला काय हवंय ते सांग. तर या बाईनं तिथल्या तिथं सौदा मांडला. आधी पुढच्या एप्रिलचं तिकीट काढायचं, आत्ता, या बाकावर. मग ती खुर्चीत बसणार.

नवऱ्याला असं काही सांगितलं की त्याच्या अंगात वारं येतं. त्यानं फोन काढला. आईचा पासपोर्ट नंबर, व्हिसा, जन्मतारीख, विमानात आवडणारी कडेची खुर्ची, सगळं त्याच्या एका शीटमध्ये होतंच. मुंबई ते न्यूअर्क. थोड्या वेळानं तो म्हणाला, आई, रिफंडेबल घेतो, म्हणजे तारीख बदलली तरी अडचण नको. आईनं मान वर केली. जी बाई सांगलीच्या दुकानात रुमाल घेताना सुद्धा, घरी नाही आवडला तर परत घ्याल ना, असं विचारते, ती म्हणाली:

“परत करता येणारं नको. मी ओळखते तुम्हा दोघांना. एकदा पैसे अडकले की तुम्ही मला स्ट्रेचरवर घालून आणाल, पण तिकीट वाया जाऊ देणार नाही.”

नवरा हसायला लागला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते, तशी ओरडले. म्हटलं, तिकिटाचे पैसे वसूल करायला तुला आणतो का आम्ही, काय बोलतेस तू. बाकाजवळून जाणारं एक कुटुंब दचकून बाजूला झालं. आई शांतपणे म्हणाली, ओरड तू, पण त्यांना बटण दाबू दे. त्यानं दाबलं. तिनं चष्मा पुसून फोनवर स्वतःचं नाव बघितलं, तारीख बघितली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, पैसे परत मिळणार नाहीत, हे लेकीकडून वाचून घेतलं. मग कुठं तिनं पाठ टेकली.

नवऱ्याचं काम अजून संपलं नव्हतं. तो म्हणाला, आई, व्हीलचेअर टाकून ठेवू ना नेहमीसारखी? कारण विचारतायत. दर वर्षी तो तिथं काहीतरी थातूरमातूर निवडायचा, कारण भाषा असा पर्याय त्यात नसतोच. आई म्हणाली, “गुडघा लिहा. भाषेचं माझं मी बघेन.” आणि मग म्हणाली, जा आता, आणा ती खुर्ची, दशम्या पण तिच्यावरच आहेत, भूक लागलीय सगळ्यांना.

खुर्ची आली. आई तिच्यात बसली ती अगदी विमानतळावर बसते तशी, ताठ, पर्स मांडीवर, जणू आता कुणीतरी पासपोर्ट मागणार आहे. डब्यांच्या पिशव्या तिनं दोन्ही बाजूंना लटकवून घेतल्या. लेक ढकलत होती आणि आई तिला वळणं सांगत होती, डावीकडून घे, खड्डा आहे. सहलप्रमुख परत आली होती, फक्त शिट्टी तेवढी नव्हती. खांब गाडीतून बघायचा ठरला होता तो आम्ही नंतर जवळ जाऊन बघितला, तिच्याच हुकुमावरून, आणि संसद भवनसुद्धा. नवऱ्यानं पुसलेल्या निळ्या ओळी एकेक करून परत आल्या आणि बफर संपला.

पण त्याआधी आम्ही लिफ्टनं वर पुतळ्यापाशी गेलो. उंच स्तंभांच्या मध्ये तो एवढा मोठा माणूस त्याच्या संगमरवरी खुर्चीत बसलेला, हात दोन्ही बाजूंना टेकलेले. आई समोर तिच्या खुर्चीत. तिनं मान मागे टाकून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, हे उभे असते तर इतके शोभले नसते. मग लेकीला म्हणाली, काढ फोटो, दोघांचा. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढ. खुर्चीची चाकं, बूट, पिशव्या, वर तो पुतळा, सगळं फोटोत आलं.

मी विचारलं, सांगलीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकू का? आई म्हणाली, नको, समोरच्या बिल्डिंगमधली बिचारी बघेल, तिला वाईट वाटेल. मग पर्समधून स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला. त्यात तिच्या मैत्रिणीच्या मुलाचा, फ्रिस्कोच्या त्या मुलाचा नंबर होता, काकूंनी अडीअडचणीला म्हणून देऊन ठेवलेला. त्याला पाठव म्हणाली. मी विचारलं, खाली काय लिहू?

“फार काही नको. एवढंच लिही, आईला असंही आणता येतं.”

मी तेवढंच लिहिलं आणि पाठवलं.